पाणी, पानी आणि पामी : टंकलेखनाच्या शिकवणीची एक तपासणी

‘मराठी ३०, इंग्रजी ४०’ या दोन आकड्यांचा अर्थ यवतमाळ जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, पांढरकवडा अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी टंकलेखनाच्या वर्गाची पाटी हमखास दिसते. शासकीय कचेरीतील लिपिक-टंकलेखक या पदासाठी मिनिटाला मराठी ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द या गतीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेतून मिळते. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरातील मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर सहा महिने रोज एसटीने तालुक्याला येऊन टंकलेखन शिकते, तेव्हा त्या फीमागे आणि त्या पासामागे एका हंगामाचा हिशेब असतो. म्हणूनच ही विद्या कशी शिकवली जाते, कशी मोजली जाते आणि तिच्यातील चुका कशा तपासल्या जातात, हे शिक्षकांनी जरा कठोरपणे पाहायला हवे. शिकवणारे कष्ट घेतात याबद्दल शंका नाही. शिकवण्याची रीत मात्र टंकलेखन यंत्राच्या काळात बेतलेली आहे. यंत्र गेले, संगणक आला, आणि रीत तशीच राहिली.

प्रथम मापाचा विचार करू. मिनिटाला ३० शब्द म्हणजे कोणते ३० शब्द? टंकलेखनात ‘शब्द’ म्हणजे पाच कळदाब, मधली मोकळी जागा धरून, असा संकेत जगभर रूढ आहे. तो इंग्रजीवरून आला. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक कळ, त्यामुळे तेथे हिशेब सरळ आहे. मराठीत ‘अक्षर’, ‘चिन्ह’ आणि ‘कळ’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘शिक्षण’ हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द घ्या. उच्चाराने त्यात तीन अक्षरे आहेत : शि, क्ष, ण. संगणकाच्या स्मृतीत मात्र सहा चिन्हे साठतात : श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण. इनस्क्रिप्ट कळफलकावर श, ष आणि ण या तिन्हींसाठी शिफ्टची कळ दाबावी लागते, म्हणजे बोटांच्या हालचाली झाल्या नऊ. त्याच कळफलकावर क्ष साठी शिफ्ट आणि ७ अशी स्वतंत्र सोय आहे. ती वापरली तर हालचाली उरतात सात. एकाच शब्दाचे तीन, सहा, सात आणि नऊ असे चार आकडे निघाले. यांपैकी कोणत्या आकड्याला पाचाने भागायचे?

हा प्रयोग वर्गात फळ्यावर करता येतो, संगणक लागत नाही. ‘शाळेच्या मागे कापूस वेचणी सुरू आहे.’ या वाक्याची चिन्हे मोजा. मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ३५ भरतात, म्हणजे सात प्रमाणित शब्द. प्रत्यक्षात शब्द सहा आहेत. हे ठीक झाले, जवळपास जुळले. आता कचेरीच्या भाषेकडे वळा. ‘शिक्षणाधिकाऱ्यांच्या’ या एका शब्दात २० चिन्हे आहेत. पुढची मोकळी जागा धरली तर २१. मिनिटाला १५० कळा दाबणारा, म्हणजे ‘तीसची गती’ असलेला उमेदवार असे जेमतेम सात शब्द लिहील. शिवाय त्या शब्दात शिफ्ट पाच वेळा दाबावी लागते (श, ष, ण, ध, ऱ), आणि चिन्हे मोजली तर हे श्रम हिशेबात कोठेच येत नाहीत. इंग्रजीत शिफ्ट बहुधा वाक्याच्या किंवा विशेषनामाच्या आरंभी लागते. मराठीत ती शब्दाच्या पोटात लागते. मराठीला दहा शब्दांची सवलत दिली आहे असे समजून आपण गप्प बसतो, पण ती सवलत कशाबद्दल आणि दहाच का, हे कोणी सांगत नाही. माप सोयीचे आहे, तेव्हा ते राहू द्या. मात्र सरावाचा उतारा देताना त्यातील चिन्हे किती, जोडाक्षरे किती आणि शिफ्ट किती, हे शिक्षकाने एकदा मोजलेले असावे. कालच्या उताऱ्यावर ३२ आणि आजच्या उताऱ्यावर २७ आले म्हणून मुलाला रागावण्यापूर्वी हे पाहिले नसेल, तर तो राग तापमापी न पाहता ताप ठरवण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट बोटांची. दहा बोटांनी, कळांकडे न पाहता लिहावे, हा टंकलेखनाच्या वर्गातील पहिला धडा. या धड्याचा उगम प्रयोगशाळेत नाही, एका शर्यतीत आहे, हे फारसे कोणाला माहीत नसते. शोल्स यांचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणले. त्यानंतर १४ वर्षांनी, २५ जुलै १८८८ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात फ्रँक मॅकगरिन आणि लुई ट्रॉब यांची गतीची शर्यत झाली. मॅकगरिन कळांकडे न पाहता सर्व बोटे वापरत असे. तो जिंकला आणि त्याची पद्धत जगभर गेली. विज्ञान शिकवणाऱ्याने येथे थांबावे. मॅकगरिनचे यंत्र शिफ्टची कळ असलेले रेमिंग्टन होते. ट्रॉबच्या कॅलिग्राफ यंत्रावर लहान आणि मोठ्या अक्षरांसाठी वेगवेगळ्या कळा होत्या. माणूस वेगळा, पद्धत वेगळी, यंत्रही वेगळे! तीन घटक एकाच वेळी बदलून काढलेला निष्कर्ष आपण आठवीच्या मुलाच्या प्रयोगवहीत बरोबर म्हणून सही केला नसता.

पद्धत चुकीची होती असे नव्हे. पण तिच्यातले नेमके काय उपयोगी पडते याची मोजणी फार उशिरा झाली. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ३० जणांच्या बोटांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपल्या. वर्गात न शिकलेले, कमी बोटे वापरणारे काही जणही शिकलेल्यांइतक्याच गतीने लिहीत होते. त्यांच्यात समान गुण असा, की ठरावीक कळेला ठरावीक बोटच जात असे आणि हात फारसा इकडेतिकडे फिरत नसे. तेव्हा बोटांची संख्या ही दुय्यम गोष्ट ठरते आणि नेम पक्का असणे ही मुख्य. वर्ग न केलेल्यांची नजर मात्र कळफलकाकडे अधिक वळत होती, आणि समोरच्या कागदावरून उतरवून काढायचे असेल तर ती अडचण मोठी आहे. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच विद्यापीठातील गटाने १ लाख ६८ हजार स्वयंसेवकांचे १३ कोटींहून अधिक कळदाब तपासले. सरासरी गती निघाली मिनिटाला सुमारे ५२ शब्द. वेगाने लिहिणारे लोक कमी चुका करत होते, आणि मागची कळ सुटण्याआधीच पुढची कळ दाबत होते. ही वाक्ये इंग्रजी होती आणि स्वयंसेवक आपणहून आलेले होते, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वापरावेत.

मागची कळ सुटण्याआधी पुढची दाबणे! जुन्या यंत्रावर हे पाप होते. दोन दांड्या एकदम उठल्या की त्या रिबनपाशी एकमेकींत अडकत आणि बोटे काळी करून सोडवाव्या लागत. म्हणून गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरत : टक, टक, टक, प्रत्येक कळेला सारखा वेळ. यंत्रासाठी तो ताल योग्यच होता. पण गोदरेजने २००९ मध्ये टंकलेखन यंत्राचे उत्पादन थांबवले, परीक्षा संगणकावर आली, आणि अडकायला दांड्या उरल्या नाहीत. तरीही समान तालाचा आग्रह काही वर्गांत चालूच आहे. कुशल टंकलेखकाचा ताल मुळात समान नसतो. लागोपाठच्या दोन कळा वेगवेगळ्या हातांना आल्या तर दुसरा हात आधीच तयारीत असतो आणि मधला वेळ कमी होतो. एकाच बोटाला दोन कळा आल्या तर त्या बोटाला जागा बदलावी लागते आणि वेळ वाढतो. पट्टीच्या तालावर लिहायला लावणे म्हणजे सोप्या जोड्यांना अवघड जोड्यांच्या गतीने चालायला लावणे.

मराठीत हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. आज शिकणाऱ्यापुढे मुख्यतः दोन कळफलक असतात. रेमिंग्टन धर्तीचा कळफलक यंत्रावरून आला. त्यात अक्षर जसे दिसते तसे जुळवायचे : ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी, रफार वर बसतो म्हणून नंतर, आणि कित्येक अक्षरे अर्धे अक्षर अधिक काना अशी. दुसरा इनस्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ मध्ये प्रमाण ठरवला. त्यात अक्षर जसे उच्चारतो तसे लिहायचे : आधी व्यंजन, मग स्वराची खूण. त्याची रचना वर्णमाला जाणणाऱ्या शिक्षकाला आवडेल अशी आहे. स्वरांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि क-ख, त-थ, ग-घ या जोड्या एकाच कळेवर, शिफ्टशिवाय आणि शिफ्टसह.

या रचनेमुळे काही शब्द हाताला अगदी गोड लागतात. ‘कापूस’ हा त्यांतला एक : क उजवा, काना डावा, प उजवा, दीर्घ उकार डावा, स उजवा. पाचही कळांना हात बदलतो. यवतमाळच्या मुलाला पहिल्या आठवड्यात द्यायला याहून चांगला शब्द शोधून सापडणार नाही. उलट ‘विमान’ घ्या. व, म आणि न ही व्यंजने डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत. त्यामुळे पाचही कळा डाव्याच हाताला येतात. वर व आणि वेलांटी दोन्ही तर्जनीला, म आणि काना दोन्ही मध्यमेला. दोन्ही शब्दांत पाच-पाच चिन्हे आहेत, मापाने दोन्ही ‘एक शब्द’ आहेत, पण हाताचे काम किती वेगळे! सरावपुस्तिका तयार करणाऱ्याने हा भेद ध्यानात घेऊन कापूस गटातले शब्द आधी आणि विमान गटातले नंतर, अधिक वेळा, द्यायला हवेत.

त्याऐवजी पुस्तिकांत बहुधा काय असते? इंग्रजी वर्गातील ‘एएसडीएफजी’ या निरर्थक माळेची मराठी प्रतिकृती : मधल्या ओळीतील चिन्हे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, पानेच्या पाने. इंग्रजी मधल्या ओळीत स्वर एकच असल्याने तेथे अर्थपूर्ण शब्द कमी जुळतात, म्हणून ती माळ समजण्यासारखी आहे. इनस्क्रिप्टच्या मधल्या ओळीत ओकाराची खूण, मात्रा, हलन्त, वेलांटी, उकार, प, र, क, त, च, ट असा भरपूर माल आहे. त्यातून पहिल्याच दिवशी रोप, तुरे, पोते, पत्र, चित्र असे शब्द लिहिता येतात. ‘क्रिकेट’सुद्धा मधली ओळ न सोडता लिहिता येतो. मग निरर्थक माळ कशासाठी? टंकलेखनावरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे, की शब्दांचा क्रम उलटसुलट केला तरी कुशल टंकलेखकाची गती फारशी घटत नाही, पण शब्द मोडून नुसती अक्षरे विस्कटली की ती एकदम कोसळते. हात एकेक अक्षर शिकत नाही, अक्षरांचे गट शिकतो. माळेचा सराव माळेपुरताच उपयोगी पडतो. तोच एक उतारा महिनाभर गिरवून घेण्याचे तसेच आहे. गती त्या उताऱ्याची वाढते, आणि परीक्षेत नवा उतारा समोर आला की मुलगा म्हणतो, वर्गात तर चाळीस येत होते.

आता वेग आणि अचूकता यांच्या भांडणाकडे येऊ. ‘आधी वेग येऊ द्या, चुका नंतर कमी होतील’ हे वाक्य वर्गांत फार ऐकू येते. साधे अंकगणित त्याच्या विरुद्ध आहे. समजा, एक मुलगी मिनिटाला १५० कळा दाबते, म्हणजे २० कळांना ८ सेकंद. दर २० कळांमागे तिची एक चूक होते. चूक दिसणे, थबकणे, बॅकस्पेस दाबणे आणि पुन्हा लिहिणे यांना मिळून २ सेकंद लागतात असे धरू. म्हणजे २० कळांना प्रत्यक्षात १० सेकंद लागले. मिनिटाला १२० कळा, २४ शब्द. दुसरी मुलगी सावकाश आहे, मिनिटाला १४० कळा. पण तिची चूक १०० कळांत एकच. १०० कळांना सुमारे ४३ सेकंद, त्यात दुरुस्तीचे २ मिळवले की ४५. मिनिटाला १३३ कळा, साडेसव्वीसहून अधिक शब्द. सावकाश लिहिणारी पुढे गेली. दोन सेकंद हे गृहीत आहे. आपल्या वर्गात घड्याळ लावून ते बदलावे आणि गणित पुन्हा करावे. सातवीच्या मुलांनाही ते जमेल. दुरुस्तीला लागणारा वेळ जितका जास्त, तितके घाईचे नुकसान मोठे, हे त्यांना आपोआप दिसेल.

अचूकतेवर भर द्यावा हे तत्त्वतः सारेच मान्य करतात. खरी उणीव पुढे आहे. चूक सापडल्यावर तिचे काय करायचे? जुन्या वर्गात तांबड्या शाईचे वर्तुळ, आता पडद्यावर ‘चुका : १४’. चौदा चुकांना चौदा वर्तुळे आणि औषध एकच : अजून सराव कर. रोग्याच्या प्रत्येक तक्रारीवर एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही.

‘पाणी’ हा शब्द घ्या. वऱ्हाडी बोलीत तो ‘पानी’ असा उच्चारला जातो. टंकलेखन करताना मुलाच्या हातून ‘पानी’ लिहिले गेले. दुसऱ्या मुलाच्या हातून ‘पामी’ लिहिले गेले. दोघांनाही एकेक वर्तुळ मिळाले. पण या दोन चुका अगदी वेगळ्या जातीच्या आहेत. इनस्क्रिप्टवर म आणि ण एकाच कळेवर आहेत. शिफ्ट सुटली की ण चा म होतो. तेव्हा ‘पामी’ ही बोटाची चूक. त्या मुलाला पाणी कसे लिहायचे ते पक्के ठाऊक आहे. कमी पडली ती दुसऱ्या हाताची करंगळी. ‘पानी’ मात्र बोटाने सहज होत नाही. न ची कळ म-ण च्या कळेच्या शेजारी आहे खरी, पण चुकून न उमटायचा तर बोट शेजारी सरकायला हवे आणि शिफ्टही त्याच क्षणी सुटायला हवी. दोन चुका एकदम, म्हणजे विरळा योग. एका पानावर तीनदा ‘पानी’ आले असेल तर बोटे बिनचूक काम करत आहेत असे समजावे. मुलाने मनात जो शब्द म्हटला तोच त्यांनी उमटवला.

‘डोळा’चेही तसेच. वऱ्हाडीत ‘डोया’. ल आणि ळ एकाच कळेवर असल्याने शिफ्ट सुटली तर ‘डोला’ होईल, ‘डोया’ होणार नाही. य ची कळ तिथून लांब, करंगळीच्या टोकाला आहे. ‘डोला’ दिसला तर शिफ्टचा सराव द्यावा, ‘डोया’ दिसला तर देऊ नये. आणि ‘शाळा’ या शब्दात दोन्ही शिफ्ट सुटल्या तर काय उमटते ते आपल्या वर्गात करून पाहा. मुले पुढे आठवडाभर शिफ्ट विसरणार नाहीत.

या भेदाला एवढे महत्त्व का द्यायचे? कारण औषध उलट पडते. बोलीतला उच्चार लिहिणाऱ्या मुलाला बोटांचा सराव आणखी दिला, तर तो ‘पानी’ अधिक वेगाने लिहायला शिकतो. त्याला हवे आहे वाचन : प्रमाण लेखनातील शब्द डोळ्यांखालून इतक्यांदा जाणे, की लिहिताना उच्चाराबरोबर शब्दाचे रूपही समोर यावे. त्यात बोलीला हीन लेखण्याचे कारण नाही. घरी ‘पानी’ म्हणणे ही चूक नाही. कचेरीच्या पत्रात प्रमाण रूप लागते एवढेच. या जिल्ह्यात तर घरी गोरमाटी, कोलामी, गोंडी, उर्दू किंवा सीमेकडे तेलुगू बोलणारी मुलेही याच वर्गांत शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या चुकांची घडण आणखी निराळी असणार. सहा महिन्यांची फी भरून, परीक्षेत थोड्या चुकांनी मागे राहून, ‘तुझी बोटेच जड आहेत’ असे ऐकून परत गेलेल्या मुलाची बोटे कदाचित जड नसतीलच. पण चौदा वर्तुळांच्या पानावरून हे कळायला मार्ग नाही.

तिसरी एक जात आहे, ती संगणकाने आणलेली. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन्ही शब्द बरोबर आहेत. पहिला स्वयंपाक करणाऱ्यांसाठी, दुसरा शिकवणाऱ्यांसाठी. इनस्क्रिप्टवर दोहोंत फरक एका शिफ्टचा : ऱ शिफ्टसह, र शिफ्टशिवाय. पुढचा हलन्त आणि य सारखेच. शिफ्ट सुटली की संगणक आपल्या नियमाने र् चा रफार करून य च्या डोक्यावर बसवतो. रेमिंग्टन धर्तीवर हाताला रफार स्वतः द्यावा लागे, त्यामुळे तेथे असा घोटाळा नकळत होत नसे. आता एका कळेच्या चुकीने अक्षराचे रूपच बदलते, शब्दकोशाच्या आधारे तपासणाऱ्या प्रणालीला दोन्ही शब्द ओळखीचे असल्याने ती मूग गिळून बसते, आणि पोषण आहाराच्या पत्रात आचार्यांना भाजी निवडण्याच्या सूचना जातात.

तेव्हा तपासणाऱ्याने एका वर्तुळाऐवजी तीन खुणा वापराव्यात : बोटाची, भाषेची आणि नजरेची. नजरेची म्हणजे ओळ गाळणे, शब्द दोनदा येणे, समोरच्या कागदावरची जागा चुकणे. यासाठी शिक्षकाला आपल्या कळफलकाचा एक तक्ता हाताशी ठेवावा लागेल : कोणत्या कळेवर कोणती जोडी आहे, शेजारी काय आहे, शिफ्ट सुटली तर काय होते. रेमिंग्टन धर्ती शिकवत असाल तर जोड्या वेगळ्या पडतील. तक्ता करायला एक दुपार पुरे.

बोटाच्या चुकीबद्दल एक मनोरंजक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रंप यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. कुशल टंकलेखक लिहीत असताना संगणक गुपचूप लबाडी करी : कधी बरोबर लिहिलेल्या शब्दात पडद्यावर चूक घाली, कधी खरी चूक सुधारून दाखवी. पुढे विचारले, तर लोक बहुधा पडद्यावर विश्वास ठेवत. घातलेली चूक आपली मानत आणि सुधारून मिळालेल्या शब्दाचे श्रेय घेत. बोटे मात्र फसत नसत. खऱ्या चुकीनंतर ती क्षणभर मंदावत, पडदा काहीही म्हणो. घातलेल्या चुकीनंतर मंदावत नसत. म्हणजे हाताची स्वतःची एक तपासणी चालू असते. वर्गात या थबकण्याचा उपयोग करता येतो. मुलाला म्हणावे, हात अडखळला असे वाटले त्या शब्दावर पेन्सिलीने टिंब दे, आणि मग टिंबे आणि चुका ताडून पाहा. बोटाच्या चुकांजवळ टिंबे पडतील. ‘पानी’जवळ टिंब पडण्याचे कारण नाही, कारण हाताने त्याला सांगितले तेच केले. वर सांगितलेल्या निदानाचा हा स्वतंत्र पडताळा होऊ शकेल.

‘दोन महिन्यांत चाळीसची हमी’ अशा जाहिरातींबद्दल एक जुना प्रयोग पुरेसा आहे. ब्रिटिश टपाल खात्याला आपले कर्मचारी कळफलकावर तयार करायचे होते. बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट पाडून सरावाचे वेळापत्रक बदलून पाहिले. निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज एकच तास सराव करणारे सुमारे ३५ तासांत कळफलक शिकले. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना त्याच गोष्टीला सुमारे ५० तास लागले. मात्र दिवस मोजले तर चार तासवाले तेरा दिवसांत आटोपले आणि एक तासवाले पस्तीस दिवस बसले. तेव्हा जलद वर्गाची जाहिरात अगदीच खोटी नसते. ती दिवस वाचवते आणि तास वाया घालवते. तालुक्याच्या गावी दोन महिने खोली घेऊन राहणाऱ्याला दिवस महाग असतात, रोज एसटीने येऊन तासावर पैसे देणाऱ्याला तास. कोणाला काय परवडते ते त्याचे त्याने ठरवावे, पण आधी हा हिशेब त्याच्यासमोर मांडायला हवा. याच प्रयोगात रोज एक तास सराव करणारे लोकच आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होते. प्रगती दिवसाच्या मापाने हळू दिसते, आणि शिकणारा दिवस मोजतो, तास मोजत नाही.

राहता राहिला कळफलक पाठ करण्याचा प्रश्न. शाळेतील संगणक तासाला यंत्रे थोडी आणि मुले फार, म्हणून कागदावर कळफलक काढायला लावणे आणि चाचणीत रिकाम्या चौकटी भरून घेणे ही युक्ती बऱ्याच ठिकाणी चालते. हिच्यावर गुण देण्यापूर्वी २०१४ मधला एक अभ्यास पाहावा. कळांकडे न पाहता सफाईने लिहिणाऱ्या लोकांपुढे कोरा कळफलक ठेवून इंग्रजीची २६ अक्षरे भरायला सांगितली. सरासरी पंधराच्या आसपासच अक्षरे जागेवर पडली. हाताला जे येते ते तोंडाने सांगता येईलच असे नाही, आणि चौकटी अचूक भरणाऱ्याला लिहिता येईलच असेही नाही. कागदी कळफलक वापरायचाच असेल तर त्यावर चौकटी भरण्याऐवजी बोटे ठेवून शब्द ‘लिहावेत’, जोडीदाराने तोंडाने कळा वाचाव्यात, आणि मग जागा बदलावी. कापूस, पत्र, चित्र, विमान या क्रमाने.